लाल शाईची गैरहजेरी

दसरा उलटला की हिंगोली जिल्ह्यातल्या शाळांच्या हजेरीपटात लाल शाई वाढू लागते. आधी सोयाबीनची काढणी, तिच्या मागोमाग कापसाची वेचणी. घरचा एक हात वाढला की तेवढी मजुरी वाचते, आणि कापूस वेचण्यात सहावीतलं लेकरू मोठ्या माणसाला सहसा हार जात नाही. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या तांड्यांवर आणि वाड्यांवर येऊन थांबतात. सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरीच्या डोंगरपट्ट्यातली कितीतरी कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मजुरीची आगाऊ उचल आधीच घेतलेली असते, आणि बहुतेक वेळा ती पावसाळ्यातच संपलेलीही असते. पुढं उन्हाची चाहूल लागली की हळद काढायची, शिजवायची, वाळवायची. तेव्हा वसमतच्या बाजूला वर्ग पुन्हा विरळ होतात. शेतीचं सगळं वेळापत्रक असं हजेरीपटावर उमटत जातं.

अडचणीतल्या मुलाला शिक्षक आधार कसा देतो, हे सांगायला घेतलं की लोक मदतीपासून सुरुवात करतात: कुणी फी भरली, कुणी दप्तर दिलं, कुणी मुलाला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. मला सुरुवात हजेरीपटापासून करावीशी वाटते. मदत ही नंतरची गोष्ट आहे. मूल अडचणीत आहे हे कुणाच्या तरी ध्यानात यावं लागतं, आणि तेही वेळेत.

1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. तालुके पाच. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाख, आणि दर शंभरातली साधारण पंच्याऐंशी माणसं खेड्यात राहणारी. मोठा कारखानदारीचा पट्टा नाही. पाऊस चुकला किंवा अंगावर आला की त्याचा फटका सरळ घरात शिरतो आणि तिथून वर्गात. 2022 साली दिवाळीच्या तोंडावर सेनगाव तालुक्यातल्या एका शाळकरी मुलानं थेट मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं. अतिवृष्टीनं पीक गेलंय, घरात पैसे नाहीत, अनुदान लवकर मिळालं तर आई सणाला पुरणपोळी करील, असा त्याचा आशय. पत्र वर्तमानपत्रांत आलं, मोबाइलवर फिरलं, लोक हळहळले. असं पत्र न लिहिणारी मुलं मात्र प्रत्येक वर्गात चार-दोन असतात. ती लिहीत नाहीत, सांगतही नाहीत. त्यांचं वाचन शिक्षकालाच करावं लागतं.

कसं करायचं हे वाचन? मुरलेल्या शिक्षकांच्या काही खुणा ठरलेल्या असतात. सोमवारी खिचडी दोनदा मागणारं मूल: म्हणजे शनिवार-रविवार घरी चूल नीट पेटलेली नाही. शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. कागदावरचा हा आकडा एखाद्या घरात दिवसाचं मुख्य जेवण असतो. पेन्सिलीनं लिहून, खोडून, त्याच पानावर पुन्हा लिहिलेली वही. पावसाळ्यात अनवाणी येणारा, पण विचारलं की ‘चप्पल घरी राहिली’ म्हणणारा. सहलीचं नाव काढताच ‘मला गाडी लागती’ म्हणणारी मुलगी. आणि सगळ्यांत फसवी खूण म्हणजे कालपर्यंत बडबडणारं मूल एकाएकी शहाण्यासारखं वागू लागणं. आपण त्याला शाबासकी देतो. घरात काहीतरी मोडलेलं असतं.

गरिबीतलं मूल पुष्कळदा ‘लक्ष नसलेलं’ किंवा ‘ढ’ ठरतं, त्याबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. तामिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांना संशोधकांनी विचारशक्तीच्या त्याच त्या चाचण्या दोनदा दिल्या: ऊस जाण्याआधी, म्हणजे हात तंगीत असताना, आणि उसाचे पैसे आल्यावर. माणूस तोच, डोकं तेच. पण तंगीच्या दिवसांत त्याच्या चुका जास्त झाल्या. पैशाची काळजी डोक्यातली जागा अडवून बसते, असा त्याचा अर्थ. हा प्रयोग मोठ्या माणसांवरचा आहे, पण ज्या घरात बापाची ही अवस्था, त्या घरातलं लेकरू दुसऱ्या दिवशी त्रैराशिक सोडवायला बसतं, हे विसरून चालत नाही.

आता मदतीकडे येऊ. आपल्याकडे शिक्षकाच्या मदतीच्या गोष्टी त्यागाच्या असतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं. 1924 पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणारे साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांची कामं मुकाट्यानं करून ठेवत. या गोष्टी खऱ्या आहेत आणि मोठ्या आहेत. पण त्या ऐकून ऐकून आपली समजूत अशी झाली की मदत म्हणजे शिक्षकानं स्वतःच्या पोटाला चिमटा घेणं. ज्याच्यात एवढी धमक नाही त्यानं मग पाढे म्हणून घ्यावेत आणि घरी जावं! शिवाय पोटाला चिमटा घ्यायचा तर पोटात काही असावं लागतं. प्राथमिक शाळेतल्या शिक्षण सेवकाचं मानधन 2023 मध्ये 16,000 रुपये झालं. त्याआधी ते महिना 6,000 होतं.

म्हणून मला कृष्णाजी अर्जुन केळूसकरांची गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज एकटाच पुस्तक घेऊन बसतो, हे केळूसकर मास्तरांनी पाहिलं. तो त्यांच्या शाळेतलाही नव्हता. मास्तरांनी ओळख करून घेतली, पुस्तकं दिली. 1907 साली तो मुलगा, भीमराव आंबेडकर, मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढं कॉलेजच्या खर्चाची ओढाताण होऊ लागली, तेव्हा मास्तरांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. इथं केळूसकरांनी पैसा ओतलेला नाही. त्यांनी पाहिलं, ओळख धरली, आणि ज्याच्याकडे पैसा होता त्याच्यापर्यंत मुलाला नेऊन पोचवलं.

आजचे सयाजीराव म्हणजे सरकारी योजना. त्यांच्या दाराशी जायचा रस्ता मात्र कागदांतून जातो, आणि हिंगोलीतल्या शिक्षकाची खरी मदत बहुतेक वेळा या रस्त्यावरच होते. बाप वारला, आई शेतमजूर, अशा मुलासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात आता महिना 2,250 रुपये मिळतात. एका पालकावर राहिलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाला ती लागू होऊ शकते, हेच पुष्कळ घरांना ठाऊक नसतं. अनाथाश्रमातल्या पोरांसाठी असलेली काहीतरी योजना, अशी समजूत. ठाऊक झालं तरी मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, शाळेचं बोनाफाईड ही सगळी जुळवाजुळव करायची, आणि जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज घेऊन जायचं. मजुरीवरच्या बाईची दर खेपेला एक दिवसाची हजेरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. आधारवर ‘कैलास’, दाखल्यावर ‘कैलाश’ निघालं की आणखी दोन खेपा. वर्गशिक्षकानं मधल्या सुट्टीत बसून ही फाइल लावून दिली, कुठला कागद कुठल्या खिडकीवर मिळतो हे चिठ्ठीवर लिहून दिलं, तर त्याची किंमत रोख दिलेल्या पाचशे रुपयांपेक्षा किती जास्त आहे ते त्या बाईला विचारावं.

आठवीतल्या मुलांसाठी आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. शाळांत ती एनएमएमएस या नावानंच ओळखली जाते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये. महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682 जागा. या परीक्षेसाठी शाळा भरायच्या आधी तासभर वर्ग घेणारे शिक्षक खेड्यापाड्यांत आहेत. मुलगी नववीतच थांबवायची की पुढं शिकवायची, असं घरात चाललेलं असताना वर्षाचे बारा हजार हा बोलाचालीतला वजनदार मुद्दा होतो. याउलट 1992 पासूनच्या एका योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींना शाळेत आल्याबद्दल दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता ठरला आणि वर्षानुवर्षं तो एकच रुपया राहिला. त्या रुपयावर मी काही बोलत नाही.

मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसनं आणि सायकलींनी मुलींना बरीच मदत केली, हे मात्र आवर्जून सांगितलं पाहिजे. राज्यातल्या 22 जिल्ह्यांतल्या 125 तालुक्यांत हा कार्यक्रम आहे आणि हिंगोली त्यात आहे. सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावाला असली की मुलीचं शिक्षण रस्त्यावरच अडतं. बस वेळेवर येत नसेल तर आगाराला अर्ज करणं, हीही शिक्षकाची मदतच. तिचा फोटो मात्र निघत नाही.

फोटोवरून आठवलं. दात्यांनी वह्या-दप्तरं द्यावीत, जरूर द्यावीत. पण रांगेत उभं करून, हातात वही देऊन, कॅमेऱ्याकडे बघायला लावून दिलेली वही त्या मुलाला वर्षभर जड जाते. वर्गातल्या बाकीच्या पोरांना त्या दिवशी कळतं की हा ‘तसला’ आहे. जाणते शिक्षक याला साधी युक्ती करतात. वर्गाच्या कपाटात एक जास्तीची पेटी असते. तिच्यात वह्या, पेनं, खोडरबरं, दोन-तीन मापांचे गणवेश. ज्याला लागेल त्यानं घ्यायचं, नोंद नाही, विचारणा नाही. आणि शिक्षक स्वतःही सगळ्यांदेखत त्यातलंच पेन काढून वापरतो. घेणारा कोण आणि विसराळू कोण, हे पेटीवरून कळत नाही. ती ठेवण्यामागचा सगळा हेतू एवढाच असतो.

पैशाची अडचण कागदानं थोडी तरी हलते. मनाची तशी हलत नाही. मराठवाड्यात राहून शेतकरी आत्महत्येचं नाव न घेता हा विषय पुरा होणार नाही. सरकारी मदत 1 लाख रुपयांची: 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. ती मिळायची की नाही हे जिल्ह्याची समिती ठरवते, आणि प्रकरणावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. कार्यालयापुरता तो शब्द कर्जाच्या आणि सातबाराच्या कागदांबद्दल असतो. गावात तो पारावर येतो, तिथून शाळेच्या पटांगणात, आणि एखादं पोरगं भांडणात दुसऱ्याला बोलून जातं, “तुहा बाप अपात्र झाला.”

अशा घरातला मुलगा तेरवी करून वर्गात परत येतो तो दिवस डोळ्यांपुढं आणा. डोक्याचं मुंडण झालेलं. टोपी घातलेली, पण वर्गात ती काढावी लागेल याची धास्ती. पन्नास डोळे त्याच्या डोक्याकडे. बाईंनी किंवा सरांनी आदल्या दिवशीच वर्गाशी बोलून ठेवलेलं असलं की निम्मं काम झालेलं असतं: उद्या तो येईल, कुणी काही विचारायचं नाही, त्याच्या शेजारी नेहमीचाच मित्र बसेल, खेळायला नेहमीसारखं बोलवायचं. टोपी राहू द्यायची. बुडालेला अभ्यास त्याच्या मित्राकडून आधीच उतरवून घेतलेला असावा. त्याला पहिल्या तासाला उभं करून ‘धीर धर’ म्हणायचं नाही. आणि एक वाक्य तर कुठल्याच शिक्षकाच्या तोंडून येऊ नये: “आता घरातला कर्ता तूच.” अंत्यविधीला आलेल्या प्रत्येक माणसानं ते त्याला ऐकवलेलं असतं. बारा वर्षांच्या मुलाला ते खरं वाटतं, आणि तो दुसऱ्या महिन्यात शाळा सोडून हॉटेलात कामाला लागतो. शाळा हीच एक जागा उरलेली असते जिथं त्याला अजून लहान राहायची मुभा आहे.

मग करायचं काय? फार थोडं, पण रोज. सकाळी नाव घेऊन हाक मारायची. फळा पुसायला, रोपांना पाणी घालायला, असं एखादं हातात घेण्यासारखं काम द्यायचं. तो बोलला तर ऐकायचं. नाही बोलला तर शेजारी बसून वह्या तपासायच्या. हवाई बेटांतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चार दशकं घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आई-बापांचे आजार अशा बिकट परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं पुढं चांगली, सावरलेली माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात घराबाहेरचं निदान एक खात्रीचं मोठं माणूस होतं, आणि ते माणूस पुष्कळदा शिक्षक होतं.

तरीही शिक्षक म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. मूल जेवत नाही, झोपत नाही, मरणाची भाषा करतं, अंगावर जखमा दिसतात, तेव्हा ‘मी समजावतो त्याला’ ही शिक्षकाची चूक असते. टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. राज्य सरकारनं 2015 मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात मराठवाड्यातल्या बाकीच्या सगळ्या जिल्ह्यांबरोबर हिंगोलीही होता. आशाताईंनी घरोघर जाऊन ताणाखालची माणसं हेरायची अशी त्याची रचना. शाळेनं गावातल्या आशाताईशी बोलणं ठेवलं तर बापाच्या मनाची अवस्था आणि मुलाची घसरलेली हजेरी एकमेकांशी जोडली जाते. डी.एड.-बी.एड.ला पाठ टाचण काढायला महिनोन्‌महिने शिकवतात. रडणाऱ्या मुलाशेजारी कसं बसायचं हे शिक्षक स्वतःच चुकतमाकत शिकतो.

सगळ्यांत अवघड प्रसंग मुलीच्या लग्नाचा. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी धरून उचल मिळते, त्यामुळं मुलाचं लग्न लवकर उरकलं की एक कोयता, म्हणजे एक जोडी, वाढतो. आणि मुलगी मागं ठेवून जायची भीती असतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत, वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्यांचं प्रमाण राज्यात 21.9 टक्के निघालं. ज्या जिल्ह्यातून हिंगोली फुटून निघाला त्या परभणीत ते 48 टक्के होतं. नववीतली मुलगी मैत्रिणीकरवी चिठ्ठी पाठवते तेव्हा शिक्षकापुढं काय असतं? कायद्यानं ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, 1098 वर फोन करता येतो, नाव गुप्त राहतं. पण लग्नघर शाळेच्या मागच्याच गल्लीत असतं, मुलीचा चुलता शाळा व्यवस्थापन समितीत असतो, आणि फोन कुणी केला हे गावाला तासाभरात कळतं. फोन करणारा शिक्षक करतोच. पण पुढची दोन वर्षं त्याला त्याच गावात काढायची असतात, हे त्याला भाषण देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. काही शिक्षक शहाणपणानं लग्न ठरायच्या आधीच्या टप्प्यावर काम करतात: आईला गाठायचं, बारावीपर्यंतचा मोफत एसटी पास दाखवायचा, वसतिगृहाचा फॉर्म हातात ठेवायचा. नकार देण्यापेक्षा दुसरी वाट दाखवणं घराला पचतं.

आणि हीच गोष्ट ऊसतोडीला निघालेल्या मुलांची. शिक्षक दिवाळीनंतर शाळा उघडल्यावर तांड्यावर जातो, तेव्हा आजी ओट्यावर बसलेली असते.

“माय, पोरगं कुठाय?”

“गेलं की गुर्जी, मायबापासंगं. हितं मी एकटी म्हातारी, त्याला भाकर कोण करून घालील?”

अडचण भाकरीची आहे, शाळेची नाही. यासाठीच हंगामी वसतिगृहाची सोय आहे. नाव वसतिगृह असलं तरी इमारत लागतेच असं नाही. आई-बाप गेले की मुलांनी गावातच आजीकडे किंवा नातेवाइकाकडे राहायचं आणि दोन वेळचं जेवण शाळेच्या व्यवस्थेतून घ्यायचं. हे ज्या गावात नीट चालतं तिथं ट्रकमध्ये मुलं चढत नाहीत. ज्या मुलांना जावंच लागतं त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. 2017 पासून राज्यात बालरक्षक म्हणून पुढं आलेले शिक्षक नेमकं हेच करतात: गाड्या हलायच्या आधी घरोघर जाऊन मुलं थांबवतात, गेलेली शोधून काढतात. महिनाभर सलग न आलेलं मूल कागदोपत्री शाळाबाह्य ठरतं. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं परत येईपर्यंत पाच-सहा महिने जातात.

घोटाळा वेळेचा होतो. गाड्या दिवाळीनंतर लगेच हलतात, आणि हंगामी वसतिगृहाची मंजुरी पुष्कळदा त्यानंतर येते. यादी ऑक्टोबरच्या सुरुवातीला तयार असेल तरच ती उपयोगाची. त्या यादीसाठी शिक्षकाला लागतात पालकांची संमती आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, आणि समितीत गावातलीच माणसं असतात. तुमच्या गावातून माणसं तोडीला जात असतील, तर यंदा दसऱ्याच्या आत शाळेत एकदा जा आणि विचारा: हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का, आणि त्यात कुणाकुणाची नावं राहिलीत?